फिल्टर कंपनीचा फोन

१

गाडी ठरल्यापेक्षा फार लवकर परत आली. मोठ्या बाईंनी ती खिडकीतून पाहिली. मागच्या सीटवर ताई एकटीच होती. टेबलावर काढून ठेवलेला बिस्किटांचा पुडा त्यांनी उचलला आणि पुन्हा कपाटात ठेवला. लहान मुलगी येणार म्हणून तो काढला होता.

संस्थेचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. दिवसभर खालून इस्त्रीची ऊब आणि ओल्या कापडाचा वास यायचा. बाहेर पाटी नव्हती. घरात मार खाणाऱ्या, निघायचं ठरवूनही पाय न निघणाऱ्या बायकांना तो जिना बरोबर सापडायचा. बाकीच्यांना वर लाँड्रीवाल्याचं बिऱ्हाड असेल असंच वाटायचं.

आधी काका वर आले. काका संस्थेची गाडी चालवायचे. शर्टाची वरची बटणं तुटलेली, मानेवर लाल ओरखडा. मागून ताई आली. बायकांशी बोलून त्यांचा धीर बांधायचं काम ताईचं, पण आज तिलाच खुर्ची धरून बसावं लागलं.

"तिच्या जागी तिचा नवरा उभा होता," ताई म्हणाली. "चपलांच्या दुकानाशेजारी, आपण सांगितलेल्या जागेवर. तिची भरलेली पिशवी त्याच्या हातात. मला म्हणाला, आमच्या घरात फिल्टरच नाही, तर सर्व्हिसिंग कसलं करता?"

मोठ्या बाईंनी ताईसमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

जिला आणायला गाडी गेली होती, ती म्हणजे 'छत्री'. खरी नावं ऑफिसात उच्चारायची नाहीत, असा तिथला नियम होता. बाई पहिल्यांदा जिना चढून आली तेव्हा तिच्या हातात जे असेल, तेच तिचं नाव. ही आली होती भर उन्हात मोठी काळी छत्री घेऊन, डोळ्याखालचं काळंनिळं कुणाला दिसू नये म्हणून.

आणि फिल्टर ही मोठ्या बाईंची युक्ती. घरात अडकलेल्या बाईला उघड फोन कसा करणार? म्हणून पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीतून बोलतोय, असं सांगून फोन करायचा. 'फिल्टर बरा चाललाय' असं ती म्हणाली, की आज ठीक आहे. 'पाणी बारीक येतंय' म्हणाली, की लवकर या. प्रत्येकीच्या मोबाईलवर संस्थेचा नंबर 'फिल्टर सर्व्हिस' म्हणून साठवलेला असे. कितीतरी बायका त्या फोनच्या आधाराने उंबरठ्याबाहेर पडल्या होत्या. संस्थेला त्या युक्तीचा फार अभिमान होता.

दुपारी पोलीस चौकीत जाऊन झालं. साहेबांनी तक्रार कुणाची ते न सांगता नवऱ्याला फोन लावला, त्याने तो बायकोच्या हातात दिला, आणि स्पीकरवरून छत्रीचा आवाज आला, "मी बरी आहे. माझी काही तक्रार नाही." साहेबांनी हात पसरले. "बाईच असं म्हणतेय, तर आम्ही काय करणार?" संध्याकाळी ताई घरापर्यंत जाऊन आली. दाराला कुलूप होतं.

परत आल्यावर मोठ्या बाईंनी ऑफिसचं दार आतून लावलं.

"त्याला जागा कळली, ते मी समजू शकते. ती पिशवी भरताना दिसली असेल, पाठलाग केला असेल. पण फिल्टरचं बिंग? ते या खोलीबाहेर कुणालाच ठाऊक नाही." त्यांचा आवाज इतका खाली गेला की ऐकायला सगळे पुढे झुकले. "आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय. आणि गुरुवारी 'डबा' पोस्टाच्या निमित्ताने घरातून निघणार आहे."

२

ज्यांना बोलावणं गेलं त्या आत्या. सगळ्यांच्याच आत्या. जन्मभर त्यांनी विमा कंपनीत दावे तपासले होते. जळलेल्या गोदामात पदर खोचून फिरायचं आणि आग आपणहून लागली की कुणी लावली, हे मालकाच्या तोंडून त्याच्या नकळत काढून घ्यायचं, ही त्यांची ख्याती. आवाज कधी चढवला नाही. निवृत्तीनंतर त्या संस्थेच्या विश्वस्त झाल्या होत्या. बैठकीला यायच्या, कोपऱ्यात बसायच्या आणि चहात साखर कमी आहे एवढंच बोलायच्या.

"आत्या, मला काकांचीच शंका येते हो," मोठ्या बाई जिन्यातच कुजबुजल्या. "त्यांचा पुतण्या पंख्यांच्या कारखान्यात आहे. छत्रीचा नवराही तिथलाच."

"शंका काय, कुणाचीही घेता येते," आत्या म्हणाल्या. "आधी चहा टाका."

काका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, उठून जायला सांगतील या तयारीने.

"पहिल्यापासून नका सांगू," आत्या म्हणाल्या. "त्याने गाडीचं दार उघडलं तिथून सांगा. आधी कुठलं उघडलं?"

"मागचं. म्हणजे बघा, पुढं मी बसलेलो धडधडीत. पण त्यानं मागचं उघडलं. ताईंकडं बघितलं आणि असा थांबला." काकांनी तोंड किंचित उघडं ठेवून दाखवलं. "चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा. मग ताईंना म्हणतो, जरा सरका. सीटखाली वाकून बघितलं. मग मला डिकी उघडायला लावली."

"डिकीत काय होतं?"

"स्टेपनी आणि आपली जुनी सतरंजी. तीसुद्धा उलटून बघितली. मग माझी गचांडी धरली. म्हणे, तो कुठाय?"

"तो?"

"मी म्हटलं, बाबा, कोण तो? तर म्हणे, किती घरांत जातो तो? आता याला मी काय उत्तर देणार? डोकं फिरलं होतं त्याचं." काकांनी मानेवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. "आत्या, माझा पुतण्या तिथं आहे हे खरं. पण या कामाबद्दल मी घरात चकार शब्द काढत नाही. माझ्या बायकोला वाटतं मी शाळेची गाडी चालवतो."

"तिला असं का वाटतं?"

"मीच सांगितलंय."

आत्यांनी त्यांचा रिकामा कप हातातून घेतला. "त्याने ऑफिसचा पत्ता विचारला? तुम्ही कुठल्या संस्थेचे, कुणी पाठवलं, असं काही?"

काका विचारात पडले. मग मान हलवली. "नाही हो. ते नाहीच विचारलं."

आत्यांनी कप बाजूला ठेवला. खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला. आतल्या खोलीत कुणीतरी हुंदका आवरत होतं.

३

आतल्या खोलीत फोनवाली होती. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, गोड गळ्याची. फिल्टर कंपनीचे फोन तीच करायची, आणि इतके बेमालूम की एकदा एका सासूने खरंच तिच्याकडे नव्या फिल्टरची किंमत विचारली होती. ही गोष्ट ती एरवी सगळ्यांना हसून सांगायची. आज तिचं नाक लाल झालं होतं.

"मीच सांगितलं असं वाटतंय ना सगळ्यांना? मोठ्या बाई सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीत. गेल्या महिन्यात माझा मोबाईल दुकानात राहिला होता ना, त्यावरून."

"परत मिळाला?"

"त्याच दिवशी. पण त्यात नंबर नसतातच, आत्या. नंबर या ऑफिसच्या फोनमध्ये."

"बरं, ते राहू दे. तू फोन कसे करतेस ते मला दाखव."

पोरीने डोळे पुसले. काम दाखवायचं म्हटल्यावर तिला जरा हुशारी आली. प्रत्येक बाईची फोनची वेळ तिच्या नवऱ्याच्या कामावर ठरलेली. कुणाचा दुकानाला जायला निघाला की, कुणाचा झोपला की. "आणि छत्रीला भोंग्यानंतर."

"कसला भोंगा?"

"पाळी बदलल्याचा. तिच्याकडून फोनमध्ये ऐकू येतो ना, लांबलचक. तो वाजला की नवरा आत गेला असं समजायचं. मी छत्रीला करते, तिच्यामागून डब्याला, मग चष्म्याला, मग बरणीला. सगळ्यांकडे तोच भोंगा."

आत्यांचा हात पर्सच्या बंदावर थांबला.

"तोच? म्हणजे तसाच एखादा?"

"तोच. शेवटी जरा चिरकतो बघा, घसा बसल्यासारखा. एकदा छत्रीला फोन लावताना ऐकला आणि तो संपायच्या आत चुकून डब्याला लागला. तिकडे उरलेला ऐकला."

"हे कुणाला सांगितलं होतंस, बाळ?"

फोनवालीने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "कुणाला सांगणार? एकीचं दुसरीपाशी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी माझ्याकडून तसं वचन घेतलंय."

दार ढकलून मोठ्या बाई आत आल्या. त्यांनी आत्यांकडे पाहिलंच नाही. "उद्यापासून तू येऊ नकोस," त्या पोरीला म्हणाल्या. "चौकशी होईपर्यंत."

४

ताई जिन्यात पायरीवर बसली होती. ऑफिसात बसवत नाही म्हणाली.

"मी नको म्हणत होते, आत्या. तिला अजून थोडे दिवस द्या म्हणत होते. पण मुलीच्या अंगावर त्याने हात टाकल्यावर मीच कच खाल्ली. आता तिचा आवाज कानातून जात नाही. 'मी बरी आहे.' पाठ केलेली कविता म्हणावी तसं."

आत्या शेजारच्या पायरीवर टेकल्या. गुडघे कुरकुरले. "डब्याचं तुला काय माहीत आहे?"

"डबा मोठ्या बाईंची. मला काहीच माहीत नाही."

"आणि चष्मा?"

"चष्मा माझ्या आधीच्या ताईंची होती, आता तीही बाईंकडेच." ताईने मान वळवली. "आपल्याकडे असंच आहे ना. ज्याची बाई त्यालाच तिचं घर माहीत. एकीकडून चूक झाली तर दुसरी सुरक्षित राहावी म्हणून. नियम चांगलाच आहे."

"चांगलाच आहे," आत्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. "डबा पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात डबा कुणाचा होता गं?"

"नवऱ्याचा असणार. त्याला जेवण पोचवायच्या निमित्ताने सटकली होती म्हणे. एवढंच ऐकलंय."

आत्या कठडा धरून उठल्या.

"कुठे निघालात?"

"भोंगा ऐकायला."

५

पंख्यांच्या कारखान्यासमोर बसथांबा होता. आत्या तिथे पर्स मांडीवर घेऊन बसल्या. बस आली, थांबली, गेली. म्हाताऱ्या बाईला कुठली बस हवी, याची कुणी चौकशी केली नाही.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. शेवटी चिरकला. फाटकातून निळ्या कपड्यांतली माणसं डबे घेऊन बाहेर आली आणि भिंतीलगतच्या लांब दगडी बाकावर सावली पाहून बसली. बाक थांब्याला अगदी लागून होता. डबे उघडले, एकमेकांत हात गेले.

"खा रे, खा. की तुझ्या घरचं पाणी पण बारीक येतंय?"

हशा पिकला. फोनवरचं ठरलेलं वाक्य इथे विनोद झालं होतं.

"ए, त्याची मस्करी नको. तो दोन दिवस कामावर नाही, माहितीय ना? नेऊन टाकली बायकोला बहिणीकडे. बरोबर केलं."

"मी म्हटलंच होतं," तिसरा घास चावत म्हणाला. "माझ्या बायकोला फिल्टरवाल्याचा फोन येतो, असं तो म्हणाला, तर हा म्हणतो, माझ्याही बायकोला येतो. मी म्हटलं, लेको, कुणाच्या घरी फिल्टर आहे ते तरी सांगा!" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "कोण भामटा आहे कुणास ठाऊक. घरोघर फिरतोय."

"सापडला की हाडं मोडू."

"तुझा नंबर आता," पहिल्याने शेजारच्याला कोपर मारलं. "बघ, गुरुवारी पोस्टात जायचं म्हणतेय ना तुझी बायको?"

शेजारचा हसला नाही. डब्याचं झाकण तो पुन्हा पुन्हा दाबून बसवत होता, आणि ते आधीच बसलेलं होतं.

६

"कुणीही फुटलेलं नाही," आत्या म्हणाल्या.

ऑफिसात त्यांच्यासमोर चौघं होती. फोनवालीला आत्यांनी घरून बोलावून घेतलं होतं. ती दाराशीच उभी राहिली.

"आतलं माणूस फितूर झालं, तर ते काय सांगेल? लाँड्रीच्या वर संस्था आहे, एक ताई आहे, बायका पळवून नेतात. सगळं सांगेल. पण त्याने गाडीचं दार उघडलं आणि ताईला बघून तो गोंधळला. गाडीत बाई असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो सीटखाली, डिकीत, सतरंजीखाली कुणाला शोधत होता? 'तो कुठाय?' पुरुषाला. आपली बायको फिल्टरवाल्याबरोबर पळून चाललीय, असं त्याला वाटत होतं. संस्था नावाचं काही आहे, हे त्याला अजूनही माहीत नाही."

"मग तेव्हा माझ्यावर कसा नाही आला संशय?" काका म्हणाले.

"काका, तुमच्याकडे बघून कुणाला येणार?" ताई म्हणाली. एरवी सगळे हसले असते.

"म्हणजे त्याला बिंग माहीत होतं ते फक्त बाहेरून दिसणारं," आत्या पुढे म्हणाल्या. "फोन येतो, नाव फिल्टरचं, घरात फिल्टर नाही. एवढं कुणाला दिसतं? दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला. 'किती घरांत जातो तो?' असं त्याने विचारलं, ते डोकं फिरून नाही. एकाहून जास्त घरांत हा फोन जातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. छत्री, डबा, चष्मा, बरणी. चौघींकडे एकच भोंगा. चौघींचे नवरे एका बाकावर जेवतात. मी आत्ताच त्यांच्या शेजारून उठून आले."

मोठ्या बाईंचे डोळे टेबलावर खिळले होते.

"माझ्याकडे होत्या तिघी," त्या शेवटी म्हणाल्या. "तिघींचे नवरे पंख्यांच्या कारखान्यात आहेत, हे मला माहीत होतं. पण छत्री ताईची. तिचा नवरा तिथला, हे मला परवा कळलं. आणि कळलं तेव्हा मी काकांकडे बोट दाखवलं." त्यांनी चष्मा काढला. "फिल्टरची एकच गोष्ट सगळ्यांना सांगायची, म्हणजे चूक होणार नाही, असं मला वाटायचं. आपण एकमेकींत बोललो नाही. ते मात्र जेवता जेवता बोलले."

"बाई, तुमची चूक—" ताईने सुरुवात केली.

"राहू दे गं."

फोनवाली दारातून पुढे आली. "मग आता फोन बंद करू या ना. आजच."

"आणि बाकीच्यांना कळवायचं कसं?" आत्यांनी विचारलं.

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. चष्मा आणि बरणी यांना सावध करायला त्यांच्याकडे एकच मार्ग होता, आणि तो तोच फोन होता. फोन वाजला तर मोबाईल कुणाच्या हातात असेल, कुणी सांगावं? न वाजला तर त्या बापड्या वाट पाहतील, आणि एखाद्या दिवशी आपणहून 'फिल्टर सर्व्हिस'ला फोन लावतील. शेजारी बसलेल्या नवऱ्यासमोर.

"मी घरी जाऊन सांगू?" ताईने विचारलं.

"तिघी एकाच गल्लीत राहतात. तिथे अनोळखी बाई दारात आली, की दहा खिडक्या उघडतात," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि गुरुवारी डबा पोस्टात येणार," त्या पुढे म्हणाल्या. "तिला तर मीच शब्द दिलाय. आपण गेलो नाही तर ती तिथे पोरासकट उभी राहील."

"ती एकटी येणार नाही," आत्या म्हणाल्या. "तो बरोबर असेल. फिल्टरवाल्याला धरायला." त्यांनी पर्स उचलली. "पण तो पुरुष शोधत असेल. मी जाते."

"जाऊन काय करणार?"

"तिला आणता येणार नाही. पण ती त्याच गल्लीत राहते. बाकीच्या दोघींच्या कानावर घालायचं असेल तर तीच घालू शकेल. मात्र तिला त्यांची नावं लागतील. आपली नाही, खरी."

मोठ्या बाईंनी कितीतरी वर्षांत खरं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या.

"डब्याला मारून मारून त्याने ती नावं काढून घेतली तर?"

"काढून घेऊ शकतो," आत्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, मोठ्या बाईंनी आत्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि दोन नावं उच्चारली. ती इथे लिहिणं बरं नाही.

७

पोस्टात गर्दी बेताची होती. डिंकाच्या बाटलीभोवती कागदाचे कपटे चिकटले होते. बाकावर बसून आत्या पाकिटावर पत्ता लिहीत होत्या. लिहून झाला की पाकीट बाजूला ठेवून दुसऱ्यावर तोच पत्ता लिहीत होत्या. मनातल्या मनात देवाचं नाव चाललं होतं.

डबा आली. डाव्या भुवईतून गेलेली पांढरी रेघ मोठ्या बाईंनी सांगितली होती. मागून तो आला, मुलाला खांद्यावर घेऊन. बाकावर डब्याचं झाकण दाबत बसलेला तोच. हातात पासबुक देऊन त्याने तिला आत्यांच्या शेजारी बसवलं आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला. खिडकीमागच्या कारकुनाकडे पाहिलं. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. तिकीट चिकटवणाऱ्या एका तरुणाच्या पायांपासून केसांपर्यंत नजर फिरवली. आत्यांवरून ती नजर भिंतीवरून जावी तशी गेली.

"मोठ्या बाईंनी पाठवलंय," आत्या पाकिटाकडे बघत पुटपुटल्या.

डब्याने पासबुकाचं पान उलटलं. "फोन करू नका."

"नाही करणार. छत्री—म्हणजे जिच्या नवऱ्याने चपलांच्या दुकानापाशी गाडी अडवली, ती—"

"नणंदेकडे आहे. जिवंत आहे. बोलत नाही म्हणतात कुणाशी. पोरगी वेगळीकडे ठेवलीय."

आत्यांचं पेन कागदावर थांबलं. शाई फुटली.

"तू आत्ता उठून माझ्याबरोबर आलीस तर—"

"मुलगा त्याच्या खांद्यावर आहे," डबा म्हणाली. एखाद्या वेड्या माणसाला समजवावं, तसं.

कारकुनाने एक नंबर पुकारला. तिचा नव्हता.

"ऐक," आत्या म्हणाल्या. "तुमच्या गल्लीत आणखी दोघी आहेत. त्यांना सांगशील?"

"कोण दोघी?"

आत्यांनी नावं सांगितली. एक, मग दुसरं. डब्याने पासबुक मिटलं.

"ती?" ती म्हणाली. "ती तर माझ्या भिंतीपलीकडे राहते. तिचा नवरा कधी ओरडतसुद्धा नाही." तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पासबुकावर खिळवले. "मला कशाला सांगितलंत हो? आता मला विचारलं तर मी काय करू?"

"बाळा—"

"मी फार वेळ टिकत नाही. तुम्हाला माहीत नाही."

नंबर पुकारला. या वेळी तिचा होता. ती उठली, खिडकीशी गेली, पासबुक भरून घेतलं. परत फिरली तेव्हा तो दारातून आत येऊन तिच्यासमोर उभा होता. मुलगा खांद्यावर झोपला होता, म्हणून तो हळू बोलत होता. पण आत्यांना ऐकू गेलं.

"काय बोलत होती ती म्हातारी?"

"काही नाही. पेन मागत होती."

उघडं पेन आधीपासूनच आत्यांच्या बोटांत होतं. ते लपवायला आता उशीर झाला होता. त्यांनी मान खाली घातली आणि पाकिटावर आणखी एकदा तोच पत्ता लिहायला घेतला.

"चल," तो म्हणाला आणि तिच्या दंडाला धरून तिला दाराकडे नेलं. उंबऱ्याशी तो थांबला. मागे वळून पाहिलं.

नळवाल्याकडे नाही, त्या तरुणाकडे नाही. बाकाकडे.